किनोव्हिया: शेवटून दुसरं पाऊल दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर

पुण्यातल्या सणस मैदानावर मी पंधरा वर्षं मुलींना लांब उडी शिकवते आहे. इतक्या वर्षांत माझ्या तोंडी सर्वांत जास्त वेळा आलेलं वाक्य म्हणजे, "अगं, शेवटचं पाऊल लांब टाकू नकोस." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "ताई, मी नाही टाकत." मुली खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच कळत नसतं. जिथून उडी घ्यायची त्या फळीवर पाय टेकून सुटेपर्यंत जेमतेम ०.१३ सेकंद जातो. तेवढ्यात शरीराने काय केलं हे कुणाच्या लक्षात राहणार? मलाही बाहेरून अंदाजच करावा लागायचा.

गेल्या दिवाळीनंतर मी किनोव्हिया वापरायला लागले. हे खेळाच्या व्हिडिओसाठीचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ते फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे मोबाइलवर शूट करायचं आणि केबलने लॅपटॉपवर घ्यायचं. त्यात एकेक फ्रेम पुढे-मागे करता येते, कोन मोजता येतो, दोन व्हिडिओ शेजारी ठेवून एकाच क्षणाला जुळवता येतात. पण माझ्यासाठी त्यातली सर्वांत मोलाची सोय म्हणजे किनोग्राम. व्हिडिओतल्या निवडक फ्रेम चौकटींत ओळीने मांडून त्यांचं एकच चित्र तयार होतं.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी आहे. वेग उत्तम, पण उडी ४.५० मीटरच्या आसपास अडकलेली. तिच्या शेवटच्या दोन पावलांचा सहा चौकटींचा किनोग्राम काढला आणि टिळक रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची रंगीत प्रिंट आणली. मैदानाच्या पायऱ्यांवर बसून ती कितीतरी वेळ कागद बघत होती. मी मुद्दामच काही बोलले नाही. मग तिने चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. "ताई, पाय इथे आहे आणि मी अजून मागेच आहे."

नेमकं हेच होतं. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब हवं, पूर्ण तळवा टेकवत, म्हणजे कंबर जराशी खाली येते. मग शेवटचं पाऊल आखूड आणि झटपट पडलं की शरीर त्या पायावरून वर निघतं. हिचं बरोबर उलटं चाललं होतं. शेवटून दुसरं पाऊल चवड्यावर, तोकडं. आणि शेवटचं एवढं लांब की टाच कमरेच्या कितीतरी पुढे आपटायची. धावून कमावलेला वेग तिथेच ब्रेक लागल्यासारखा मरायचा. मी वर्षभर हेच सांगत होते, तिला ते त्या दिवशी दिसलं.

अंतर लगेच वाढलं नाही, हेही सांगायला हवं. पावलांची लांबी बदलली की रन-अपची, म्हणजे धाव जिथून सुरू करायची ती खूणही बदलते, त्यामुळे पहिले दोन आठवडे फळीच सापडत नव्हती. तिसऱ्या आठवड्यापासून टेकऑफला, म्हणजे फळीवरून सुटताना, कंबर वर येताना दिसू लागली. आता तिच्या वहीत महिन्याला एक याप्रमाणे चार किनोग्राम चिकटवलेले आहेत.

वापरणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कॅमेऱ्याची आहे. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. शाळकरी मुलगी सेकंदाला साडेसात मीटरने पळत असेल, तर दोन फ्रेमच्या मध्ये ती २५ सेंटिमीटर पुढे जाते. फळीच मुळात २० सेंटिमीटर रुंद! म्हणजे पाय नेमका कुठे पडला हे त्या व्हिडिओत सापडेलच असं नाही. २४० फ्रेमवर हेच अंतर सुमारे तीन सेंटिमीटर होतं. म्हणून स्लो मोशनमध्येच शूट करा. मात्र काही फोन मोठा आकडा दाखवण्यासाठी मधल्या फ्रेम स्वतः तयार करून घालतात, त्या विश्लेषणाच्या कामाच्या नाहीत.

स्लो मोशनचा व्हिडिओ उघडला की तो मुळात किती फ्रेमने घेतला हे किनोव्हियाला सांगावं लागतं. ते राहिलं, तर २४० फ्रेमचा व्हिडिओ ३०चा समजून फळीवरचा ०.१३ सेकंदाचा स्पर्श एक सेकंदाच्या वर दिसतो. मोबाइल तिपाईवर, फळीच्या रेषेत, धावपट्टीला अगदी काटकोनात आणि शक्य तितका लांब ठेवा. तिरका ठेवला की कोन आणि अंतरं दोन्ही चुकतात. मोजमापासाठी धावपट्टीवर एक मीटरची पट्टी ठेवून आधी तिचं शूटिंग करून घ्या. हिवाळ्यात सकाळी साडेसहाला उजेड कमी असतो, पाय पुसट येतात. मी व्हिडिओचे दिवस ऊन चढल्यावर ठेवते.

याआधी मी एका कंपनीचं पैसे भरून घ्यायचं ॲप वर्षभर वापरलं. प्रत्येक उडीला ते शंभरापैकी गुण द्यायचं. मुली गुण बघायच्या, उडी कुणीच बघत नव्हतं. ७१ का आणि ६४ का, हे ॲप सांगत नसे आणि मलाही सांगता येत नव्हतं. किनोव्हिया गुण देत नाही, बघायला लावतं. माझ्या मते शिकवणाऱ्याला हेच हवं.

कोन मोजण्याची सोय मी मोजकीच वापरते, पण एक गैरसमज तिने दूर केला. ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, असं विज्ञानाच्या तासाला ऐकलेल्या मुली जास्तीत जास्त वर उडायला बघतात. धावत येऊन तसं उडता येत नाही, त्यासाठी वेग सोडून द्यावा लागतो. जगातले उत्तम खेळाडूसुद्धा २० अंशांच्या आसपासच निघतात. पडद्यावर कमरेच्या मार्गाची रेघ काढून दाखवली की पटतं.

दोन व्हिडिओ शेजारी ठेवताना मात्र एका बाजूला लांब उडीचा विश्वविक्रमवीर माइक पॉवेल नको. १९९१ची टोकियोतली त्याची ८.९५ मीटरची उडी मी मुलींना आवर्जून दाखवते, ती बघताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण तुलना प्रत्येक मुलीची स्वतःशीच, तिच्याच गेल्या महिन्यातल्या उडीशी. त्या वेगाशिवाय त्याची नक्कल केली तर हात-पाय हवेत नुसते फिरतात.

आणखी एक. शूटिंगच्या आधी पालकांची परवानगी घ्या आणि मुलींचे व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. माझ्याकडे ते फक्त लॅपटॉपवर राहतात, प्रिंट ज्या त्या मुलीकडे.

उन्हाळी सुट्टीत तिहेरी उडीचं शूटिंग करणार आहे. तिथे तीन टेकऑफ एका फोनच्या टप्प्यात नीट बसत नाहीत. दुसरी तिपाई घेतली आहे, दुसरा फोन एका आईने द्यायचं कबूल केलं आहे.