वृंदगानासाठी नवी रचना: एसएटीबी, एसएबी की दोनच भाग?

नवी रचना शोधायला बसलं की नजर आपसूक एसएटीबीकडे जाते. सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच), बेस (पुरुषांचा खालचा) असे चार भाग असले की ते ‘खरं’ कॉयर, असा एक समज आहे. पण गटात पंचवीस जण असतील आणि त्यांत पुरुष पाचच, तर हा मोह आवरलेला बरा. तीन टेनर, दोन बेस; त्यातला एक बेस ऑफिसात अडकला की अख्खा भाग एकट्याच्या गळ्यात येतो.

मी आधी गटातला सगळ्यांत कच्चा भाग बघते. तयार गाणारे कुठलीही रचना निभावून नेतात, त्यांची काळजी नको.

पुरुष कमी असले तर एसएबी सुचवतात. यात सोप्रानो आणि आल्टोखाली सगळ्या पुरुषांची मिळून एकच ओळ असते, टेनर आणि बेसच्या मधल्या उंचीची. मोठ्यांच्या गटाला हे चालतं, जरी ती ओळ पक्क्या बेसला जरा उंच आणि टेनरला जरा खाली पडते. नुकता आवाज फुटलेल्या नववीतल्या मुलांची मात्र त्यात ओढाताण होते. शाळेसाठी मी सरळ दोन भागांची रचना घेईन. जॉन रटर यांचं ‘फॉर द ब्यूटी ऑफ द अर्थ’ घ्या. ते चार भागांत आहे, दोन भागांत आहे आणि फक्त पुरुषांसाठीही आहे. पियानो सोबत असल्यामुळे सूर हलत नाही. यंदा दोन भागांत बसवायचं, माणसं वाढली की चार भागांची आवृत्ती काढायची. चाल सगळ्यांना पाठ असतेच.

फक्त बायकांचा गट असेल तर एसएसए, म्हणजे दोन सोप्रानो आणि एक आल्टो. इथे आपल्याकडची एक अडचण परदेशी कॅटलॉगमध्ये सापडत नाही. आपल्या बहुतेक गायिका काळी चार-पाचमध्ये (म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून), छातीच्या आवाजात गातात. काळी पाचचा तार पंचम म्हणजे पाश्चात्त्य एफ. सोप्रानोला त्याच्याही वरचा जी आणि कधी ए लागतो. त्यामुळे सुगम संगीत शिकलेल्या दहा जणींना विचारलं तर नऊ जणी आल्टोत जाऊन बसतात! म्हणून रचना पसंत करण्याआधी पहिल्या सोप्रानोचा सर्वांत वरचा स्वर शोधा, आणि तो क्षणभर लागतो की चार मात्रा धरायचा आहे तेही बघा.

एसएसएमध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं 1942 चं ‘अ सेरेमनी ऑफ कॅरल्स’ नवं नाही, पण कधीच न गायलेल्या गटाला ते नवंच. त्यातलं ‘धिस लिट्ल बेब’ आधी सगळ्या एका सुरात गातात, मग तीच चाल दोन भागांत एकमेकींच्या मागून येते, मग तीन भागांत. भाग सांभाळायला शिकवणारं याहून चांगलं पान मला माहीत नाही. साथीला हार्प कुठून आणायची ही चिंता नको, पियानोवर चालतं.

आता चार भागांकडे. गट भरलेला आहे, पण अनुभव बेताचा, अशांसमोर मी दोन रचना ठेवेन. एक मॉर्टेन लॉरिडसन यांची 1994 ची ‘ओ मॅग्नम मिस्टेरियम’ आणि दुसरी रीना इस्माईल यांची 2016 ची ‘तारेकिटा’. दोन्हींना वाद्याची साथ नाही. पहिली कागदावर सोपी दिसते, कारण लय संथ आणि उड्या कमी. प्रत्यक्षात सहाएक मिनिटं सूर न उतरू देता लांब श्वासात गायचं असतं, शिवाय भाग मध्येच फुटून वाढतात. ‘व्हिर्गो’ या शब्दावर आल्टोंना जी शार्प येतो. डीला सा धरलं तर तो तीव्र मध्यम, शुद्ध स्वरांच्या त्या सगळ्या पसाऱ्यात उपरा. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या बायका तो अचूक लावतात, फक्त मींड घेऊन त्यावर चढायची सवय सोडावी लागते.

‘तारेकिटा’ लॉस एंजेलिसमधल्या अर्बन व्हॉइसेस प्रोजेक्टसाठी लिहिली गेली, बेघरपण सोसलेल्या माणसांच्या गटासाठी. रचना छोटी आणि तबल्याच्या बोलांची. अमेरिकन गटांना ते बोल जिभेवर बसवावे लागतात, आपल्याला ते फुकट मिळतात. आपली गोची वेगळी: शेजारचा भलतंच काही गात असताना आपली ओळ न सोडणं. एकत्र एका सुरात गाण्याची सवय इतकी पक्की असते की पहिल्या तालमीत सगळे हळूहळू सोप्रानोच्या चालीला जाऊन मिळतात. तरीही दोन्हींत निवडायची तर मी ‘तारेकिटा’च घेईन, कारण चूक झाली तरी ताल गटाला परत जागेवर आणतो. संथ रचनेत उतरलेला सूर परत चढत नाही.

हे आपल्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर मुंबईच्या परंजोती अकॅडमी कोरसकडे बोट दाखवा. तो 1956 पासून आहे.

एरिक व्हिटेकर यांच्या ‘लुक्स ऑरुम्क्वे’सारख्या, भागांचेही भाग पडणाऱ्या रचना ऐकायला मोहक आहेत. प्रत्येक ओळीवर किमान तीन पक्के गळे नसतील तर त्या ऐकाव्यातच.

पैशांचं: झेरॉक्स चालत नाही, माणशी एक कॉपी विकत घ्यावी लागते. बऱ्याच प्रकाशकांच्या साइटवर नमुन्याची पानं फुकट दिसतात. ती उघडून शेवटची दोन पानं आधी वाचा. उंच स्वर आणि फुटलेले भाग बहुधा तिथेच दडलेले असतात.