बहात्तर हजारांची अ‍ॅल्युमिनियम रोडबाइक: साडेसात हजार किलोमीटरनंतर

ही सायकल मी दोन वर्षांपूर्वी, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात घेतली आणि तेव्हापासून तिच्यावर साडेसात हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले आहे. त्यात २०० किलोमीटरच्या चार, ३०० च्या दोन आणि ४०० ची एक अशा सात बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, आहेत. बाकीचे अंतर रविवारच्या पहाटे पुण्याबाहेर पडून जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतण्याच्या फेऱ्यांचे आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढे कार्बनचा फोर्क, शिमानो सोरा हा मागे नऊ गिअर असलेला संच, पुढची चक्रे ५० आणि ३४ दात्यांची, मागची कॅसेट (चक्रांचा जुडगा) ११-३२, म्हणजे सर्वांत लहान चक्र ११ आणि सर्वांत मोठे ३२ दात्यांचे, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आणि २८ मिलिमीटरचे टायर असा तिचा संसार आहे. पेडलशिवाय वजन १०.४ किलो भरते आणि मी ७२,००० रुपये मोजले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीला तीन-चार कंपन्या जवळजवळ हीच सायकल वेगवेगळ्या रंगांत विकतात आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या सगळ्यांना लागू पडेल.

मी सायकल घेतली ती बीआरएमसाठी, त्यामुळे परीक्षणाची कसोटीही तीच ठेवतो. फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पारिझियाँने घालून दिलेल्या नियमांनुसार या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात, वाटेतल्या ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यावा लागतो, आणि पहिला-दुसरा असा क्रमांक कोणालाच नसतो. भागाकार करून पाहिला तर थांबे धरून ताशी सुमारे १५ किलोमीटरची सरासरी पुरते. तेवढा वेग कोणत्याही धडधाकट माणसाला जमतो. अवघड जाते ते त्या वेगाने चौदा-पंधरा तास सायकलवर बसून राहणे, आणि म्हणून दुकानासमोरच्या गल्लीत दोन चकरा मारून सायकल ‘पळते छान’ असे ठरवण्याला माझ्या लेखी फारसा अर्थ उरलेला नाही.

या सायकलीची सर्वांत मोलाची गोष्ट तिचे गिअर आहेत, आणि ते मला पसरणी घाटात कळले. पुण्याहून खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळायचे, वाईहून पाचगणी गाठायची आणि आल्या वाटेने परतायचे, ही २०० किलोमीटरची आमच्याकडची ठरलेली वाट आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१८ मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,२९३ मीटरवर आहे, म्हणजे साधारण बारा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर चढायचे असते, आणि तेही पाय आधीच नव्वदेक किलोमीटर फिरून झाल्यावर. सायकल घेण्यापूर्वी मी हा घाट एका मित्राच्या जुन्या शर्यतीच्या सायकलीवर चढलो होतो. तिला पुढे ३९ आणि मागे सर्वांत मोठे चक्र २५ दात्यांचे होते. त्या जोडीत पेडलच्या एका फेऱ्याला सायकल सव्वातीन मीटरांहून जास्त पुढे जाते, त्यामुळे ताशी आठ किलोमीटरने चढताना पाय मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे घेतात आणि प्रत्येक फेऱ्यात सगळे ओझे गुडघ्यावर येते. माझ्या सायकलीवर ३४ आणि ३२ ची जोडी लावली की एका फेऱ्याला सायकल सव्वादोन मीटरच सरकते आणि त्याच वेगाला पाय मिनिटाला साठाच्या आसपास फिरतात. पाचगणीला पोहोचायला वेळ जवळजवळ तेवढाच लागला, पण पहिल्या वेळी परतीच्या वाटेवर खंबाटकीनंतर मला प्रत्येक लहानसहान चढाला उतरून चालावे लागले होते आणि या सायकलीवर तसे अजून एकदाही झालेले नाही. सायकल पाहायला गेल्यावर मागच्या कॅसेटचे सर्वांत मोठे चक्र किती दात्यांचे आहे हे आधी विचारावे आणि उत्तर ३० च्या खाली आले तर सह्याद्रीत राहणाऱ्याने दुसरी सायकल पाहावी, असे माझे मत आहे.

सोरा हा संच शिमानोच्या उतरंडीत खालच्या पायऱ्यांवर येतो. त्याच्या खाली आठ गिअरचा क्लॅरिस आणि वर दहा गिअरचा टियाग्रा. मित्रमंडळींत सोरावाल्याकडे थोड्या कणवेने पाहण्याची पद्धत आहे. मला मात्र नऊ गिअरमुळे कुठे अडल्याचे आठवत नाही. नऊ गिअरची चेन अकरा-बारा गिअरच्या चेनपेक्षा स्वस्त असते, चिखलमातीत फारशी कुरकुर करत नाही आणि आडगावच्या दुकानातही मिळण्याची शक्यता जास्त असते. पुढचे चक्र ५० वरून ३४ वर उतरवताना मात्र पेडलवरचा जोर क्षणभर कमी करावा लागतो, नाही तर चेन आतल्या बाजूला पडते. ही चूक मी पहिल्या महिन्यात तीन वेळा केली आणि तिन्ही वेळा काळे हात घेऊन घरी आलो.

वजनाबद्दल थोडे सांगतो, कारण दुकानात सर्वांत जास्त चर्चा त्याचीच होते. माझे वजन ७४ किलो आहे. सायकल, पाणी, बूट, पेडल आणि पिशवी धरून रस्त्यावर सगळे मिळून ९० किलो भरतात. आठ किलोची कार्बनची सायकल घेतली असती तर यातले २.४ किलो, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी ओझे वाचले असते. पसरणी घाटाला मला सत्तर मिनिटे लागतात, तेव्हा वाचणारा वेळ दोन मिनिटांच्या आतलाच, आणि सपाट रस्त्यावर तर तेवढाही नाही. पाचगणीला पोहोचल्यावर चहा गार होण्याची वाट पाहण्यात मी याहून जास्त वेळ घालवतो. ज्यांना शर्यतीत उतरायचे आहे त्यांचा हिशेब वेगळा असेल. माझ्यासारख्याने त्या दोन मिनिटांसाठी तिप्पट पैसे का मोजावेत हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

आता तक्रारीकडे येतो, आणि ती सायकलीपेक्षा ती ज्या रीतीने माझ्या हाती दिली गेली त्याविषयी आहे. दुकानदाराने मला फ्रेमच्या आडव्या नळीवर दोन्ही पाय टाकून उभे केले, खाली दोन बोटे जागा आहे असे पाहिले आणि ‘सर, तुमचा साइज चौपन्न’ असे सांगून बिल केले. फ्रेमचे माप ढोबळमानाने चुकले नव्हते, पण हँडल माझ्यापासून लांब आणि खाली होते, आणि सीट नजरेच्या अंदाजाने बसवली होती. पहिल्या २०० मध्ये शंभर किलोमीटरनंतर डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाली. रात्री घरी आल्यावर शर्टाचे बटण त्या हाताने निघेना आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरवायला उजवा हात वापरावा लागला. तळहाताच्या कडेवर सतत भार पडून तिथली नस दबली की असे होते, हे नंतर डॉक्टरांनी सांगितले. बधिरपणा जायला नऊ दिवस लागले आणि तेवढे दिवस संगणकावर टंकताना डावी करंगळी परक्याची वाटत होती.

त्यानंतर मी ३,५०० रुपये देऊन रीतसर बाइक फिटिंग करून घेतले. हँडल आणि फ्रेम यांना जोडणारा स्टेम १०० मिलिमीटरचा होता, तो ८० चा केला; हँडलखालच्या चकत्या वर-खाली करून ते सव्वा सेंटिमीटर वर घेतले; सीटचे नाक खाली झुकलेले होते, ज्यामुळे मी सतत पुढे घसरत होतो आणि ती घसरण हातांनी रोखत होतो, ते सपाट केले. सीटची उंची घरच्या घरी काढायची असेल तर अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाणारे जुने गणित अजूनही उपयोगी आहे: भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची आणि तिला ०.८८३ ने गुणायचे. माझी उंची ८१ सेंटिमीटर आली, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत ७१.५ सेंटिमीटर. दुकानाने बसवलेली सीट याहून जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली होती. हे बदल झाल्यावर पुढची ३०० मी बोटे शाबूत ठेवून पूर्ण केली. सायकल तीच होती, म्हणून दोष तिच्या माथी मारता येत नाही. पण बहात्तर हजार घेणाऱ्या दुकानाने एक टेप काढून पाच मिनिटे खर्च करायला हरकत नव्हती.

टायरविषयी समाधानी आहे. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मी मागे ८० आणि पुढे ७५ पीएसआय हवा ठेवतो. पूर्वी २५ च्या टायरमध्ये शंभर ठेवायचो तेव्हा महामार्गावरचे पांढरे उंच पट्टे आले की दात वाजायचे. साडेसात हजारांत पाच पंक्चर झाली, त्यातली तीन सेवा रस्त्याच्या कडेला पडलेल्या तारेच्या बारीक तुकड्यांनी. एकदा शिरवळजवळ हातपंप दगा देऊन गेला तेव्हा ट्रक-मोटारींची पंक्चर काढणाऱ्या एका टपरीवर गेलो. तिथल्या मुलाने व्हॉल्व्ह पाहिला आणि म्हणाला, “दादा, ही नळी आमच्या पाइपला नाही बसायची.” रोडबाइकच्या ट्यूबचा प्रेस्टा व्हॉल्व्ह बारीक असतो आणि अशा टपऱ्यांवरच्या पंपाचे तोंड सहसा त्यावर बसत नाही; त्यासाठी पितळेची बोटाच्या पेराएवढी टोपी मिळते, ती तीस-चाळीस रुपयांची असते आणि ती माझ्या घरी टेबलाच्या खणात होती. आता ती व्हॉल्व्हवरच कायम लावलेली असते.

ब्रेकबाबत मत संमिश्र आहे. पावसात डिस्क ब्रेक रिमवरच्या ब्रेकपेक्षा कितीतरी भरवशाचे वाटतात आणि ताम्हिणीत जुलैमध्ये सायकल नेणाऱ्याने त्यांचाच विचार करावा. मात्र केबलवर चालणाऱ्या या जातीत डिस्क दाबणाऱ्या दोन पॅडांपैकी बहुधा एकच हलतो आणि दुसरा स्थिर असतो. झीज होत गेली की स्थिर पॅड षट्कोनी चावीने थोडा थोडा आत घ्यावा लागतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे पाचगणीहून उतरताना लिव्हर जवळजवळ हँडलला टेकेपर्यंत आले तेव्हा मी केबल ताणून ताणून थकलो होतो. लांब उतारावर बोटेही दुखतात. बजेट असेल तर हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक घ्यावेत.

चाके ही या सायकलीची पडती बाजू. मागच्या चाकाला २८ स्पोक आहेत आणि ४०० च्या राइडमध्ये, रात्री दोनच्या सुमारास, गिअरच्या बाजूचा एक स्पोक ‘टण्’ करून तुटला. डिस्क ब्रेकमुळे चाक लचकूनही ब्रेकला घासले नाही आणि उरलेले साठ किलोमीटर तसेच काढता आले, हे नशीब. वॉरंटीत हे बसत नाही, असे दुकानाने सांगितले. आडदांड बांध्याच्या किंवा सामान लादून फिरणाऱ्या माणसाने ३२ स्पोकची चाके बांधून घ्यावीत. आपल्या शहरांत चाक हाताने बांधणारे जुने कारागीर अजून आहेत आणि त्यांचे काम कारखान्याच्या चाकापेक्षा सरस ठरते, असा अनुभव आहे.

किरकोळ गोष्टी अशा की, मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमवर छिद्रे आहेत, ती असावीतच. अगदी हळू वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते, त्याची सवय करून घ्यावी लागते. रंग चांगला टिकला आहे.

खर्चाचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा. पेडल आणि बूट ८,५००, फिटिंग ३,५००, नवा स्टेम १,४००, मूळ सीट दोन महिन्यांत नकोशी झाल्यामुळे घेतलेली दुसरी सीट ४,२००, आणि बीआरएममध्ये रात्री सक्तीचे असलेले पुढचे-मागचे दिवे ३,६००, असे २१,२०० रुपये वर गेले. म्हणजे लांब पल्ल्याला जाण्याजोगी सायकल मला ९३,२०० रुपयांना पडली. ज्याच्याकडे एकूण बहात्तर हजारच आहेत त्याने पन्नास हजारांची, क्लॅरिसची सायकल घेऊन उरलेले पैसे फिटिंग, सीट आणि दिव्यांवर घालवावेत; मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर तेच करीन.

यंदा ६०० करायची आहे. २००, ३००, ४०० आणि ६०० एकाच हंगामात पूर्ण केल्या की ‘सुपर रँडॉनर’ म्हणतात, आणि माझ्या यादीत शेवटची तेवढी बाकी आहे. चेन झिजून मापपट्टीवर ०.७५ ला पोहोचली आहे, म्हणजे बदलायला आली आहे, तेव्हा तिच्याबरोबर कॅसेटही बदलून ११-३४ ची घेणार आहे. चाळीस तासांच्या राइडमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी समोर घाट आला तर ते दोन दाते लागतील.