एक इंची व्हेंचुरीतून कपाशीला युरिया, दोन हंगाम वापरून सांगतो

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात घेतली होती ही व्हेंचुरी, म्हणजे ड्रममधलं विरघळलेलं खत ओढून ठिबकच्या पाण्यात सोडणारी नळी, त्याला आता दोन हंगाम झाले, म्हणून लिहायला बसलो. अमळनेर तालुक्यात शेती आहे, काळी जमीन, ठिबकवर दोन एकर बीटी कपाशी, चार बाय दीड फुटांवर. वस्तू म्हणाल तर प्लास्टिकची, मधे बारीक होत गेलेली नळी, तिला एक ओढणारी पातळ नळी आणि बायपासचे दोन व्हॉल्व्ह, फिटिंगसकट दीड हजाराच्या आसपास पडली. आबांनी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "हाई इतलंसं काय काम करी?"

काम करते. आणि का करते ते कळायला आधी आम्ही काय करत होतो ते सांगायला पाहिजे.

आधी युरिया हातानेच. पाऊस पडला की मजूर धरायचे आणि झाडाच्या बुडाशी मूठ मूठ टाकत जायचं, एकरी तीन पोती, कधी शेजाऱ्याचा कापूस हिरवागार दिसला की चौथं पण, आणि हे सगळं दोनदाच्या टाकणीत. आपल्या चोपण नाहीतर चुनखडीच्या काळ्या जमिनीत वर पडलेला युरिया दोन दिवस उघडा राहिला ना की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. आणि जोराचा पाऊस आला तर खाली वाहून जातो, आणि वावरात पाणी साचून राहिलं तर मुळाजवळचा नत्र (नायट्रोजन) गॅस होऊन उडतो. म्हणजे तीन पोत्यातलं झाडाला किती मिळालं याचा हिशोबच नाही. वरून जे मिळतं ते एकदम मिळतं, मग कपाशी आठ दिवसात माजते, पानं मऊ लुसलुशीत, आणि तुडतुडे, मावा सगळे तिथेच येऊन बसतात. फवारणीचा खर्च तिथून चालू होतो.

व्हेंचुरीचा खरा फायदा माझ्या मते हाच की दोन वेळचा युरिया बारा वेळात देता येतो. बाकी सगळं त्याच्यामागून.

हिशोब असा धरला. बागायती बीटीला नत्राची शिफारस हेक्टरी १२० ते १५० किलोच्या दरम्यान असते, मी १२५ धरलं, म्हणजे एकरी ५०. लागवडीला १०:२६:२६ (१० टक्के नत्राचं मिश्रखत) ची ५० किलोची एक गोणी दिली त्यात ५ किलो नत्र आलं, राहिलं ४५. युरियात नत्र ४६ टक्के, ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. म्हणजे दोन पोती आणि वर थोडा. लागवडीनंतर वीस दिवसांनी सुरू केलं, दर आठवड्याला, पहिले तीन डोस एकरी ५ किलो, मग पाते (फुलाच्या कळ्या) लागायला लागले की सहा डोस ११ किलोचे, शेवटचे तीन परत ५ चे. बेरीज ९६ किलो. कपाशीला नत्राची खरी भूक पाते लागल्यापासून कैऱ्या (हिरवी बोंडं) भरेपर्यंत असते, लहान झाडाला ११ किलो देऊन काही उपयोग नाही, त्याची मुळंच तेवढी नसतात. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मी ड्रमला हात लावत नाही. उशिरा युरिया दिला की झाड नवीन पालवी काढत बसतं, कैऱ्या फुटायला उशीर होतो आणि गुलाबी बोंडअळीला पुढे खायला मिळत राहतं.

आता वापरायची पद्धत, कारण मी पहिल्या महिन्यात इथेच चुकलो. मोटर चालू केली, नळी ड्रममध्ये सोडली, आणि ड्रम जसाच्या तसा. अर्धा तास बघत बसलो. मग लक्षात आलं की बायपासचा मेन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, पाणी सरळ निघून जातंय. व्हेंचुरी चालते ती दोन बाजूच्या प्रेशरच्या फरकावर, आत येणारं प्रेशर आणि बाहेर जाणारं यात बऱ्यापैकी फरक पडला तरच मधल्या बारीक जागेत ओढ तयार होते. म्हणून तोच मेन व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत आणायचा, एका ठिकाणी नळीतून युरियाचं पाणी सरकताना दिसतं आणि हात ठेवला तर व्हेंचुरी बारीक थरथरते, तिथे थांबायचं. माझा ५० लिटरचा ड्रम ३५ मिनिटात रिकामा होतो. प्रेशर गेज दोन्ही बाजूला बसवून घ्या, अंदाजाने जमत नाही. तुमची मोटर आधीच धापा टाकत असेल, शेवटच्या नळ्यांना पाणी पोचत नसेल, तर व्हेंचुरी घेऊ नका, ती अजून प्रेशर खाते. तिथे खताची टाकी नाहीतर छोटा इंजेक्शन पंप बरा.

आणि वेळ महत्त्वाची. आधी पंधरा-वीस मिनिटं साधं पाणी, मग खत, मग परत पंधरा-वीस मिनिटं साधं. मी सुरुवातीला खत आधी सोडून मग तीन तास पाणी चालू ठेवायचो. युरिया विरघळला की तो मातीला धरून बसत नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे जातो, म्हणजे माझा निम्मा युरिया मुळाच्या खाली जात होता.

युरिया विरघळवताना बादली बर्फासारखी गार पडते, पहिल्यांदा हात घातला तेव्हा दचकलोच. त्याने काही बिघडत नाही, युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, पण गार पाण्यात शेवटचे खडे लवकर विरत नाहीत म्हणून आदल्या संध्याकाळीच भिजवून ठेवायचा. बहुतेक युरिया आता निंबोळी लावलेलाच मिळतो, त्याचा वर तेलकट पिवळसर थर येतो. जुन्या सुती साडीच्या दुहेरी कापडातून गाळून घ्या, नाहीतर स्क्रीन फिल्टर दर वेळी धुवावा लागेल. व्हेंचुरी फिल्टरच्या आधी बसवायची हे पण सांगतो, बऱ्याच जणांनी नंतर बसवलेली बघितली.

आता मोठी तक्रार. जिथून घेतली तिथे मी स्पष्ट विचारलं होतं की उलटं पाणी येऊ नये म्हणून वेगळा व्हॉल्व्ह लागेल का, तर नाही म्हणाले, गरज नाही. आपल्याकडे शेतीची लाईट रात्रीची, तुम्हाला माहीतच आहे. जुलैत एका रात्री दोन वाजता खत चालू असताना लाईट गेली, मेन लाईनमधलं पाणी विहिरीकडे परत फिरलं आणि जाताना ड्रममधलं युरियाचं पाणी ओढत घेऊन गेलं. सकाळी ड्रम निम्मा खाली आणि वावर कोरडं. त्याच विहिरीचं पाणी आमची गुरं पितात. युरिया जनावराच्या पोटात गेला तर जीवावर बेततं, म्हणून चार दिवस शेजारच्यांच्या विहिरीवरून पाणी आणून पाजलं, बैल तहानेने हंबरत होते तेव्हा खूप वाईट वाटलं. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय व्हेंचुरी चालूच करू नका, हात जोडून सांगतो. आणि ड्रमला घट्ट झाकण ठेवा, गाय-वासरू तोंड घालतं.

पावसाळ्यात अडचण येते हे पण खरं. सलग झड लागली तर ठिबक कशाला चालवायचं? वापसा असेल (माती ओली पण चिखल नाही) तर मी फक्त खत सुटेपर्यंत चालवून बंद करतो. वावरात पाणी उभं असेल तर तो आठवडा सोडून देतो, आणि पाणी उतरल्यावर झाडं फिक्की दिसली तर २ टक्के युरिया फवारतो, १० लिटरला २०० ग्रॅम. फिकं कुठे दिसतं ते बघा मात्र. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड तिथला नत्र काढून शेंड्याला पाठवतं. शेंडाच पिवळा असेल तर दुसरी काहीतरी कमतरता आहे, युरिया ओतून उपयोग नाही. आणि पानं लाल पडायला लागली तर नुसता युरिया नाही, मॅग्नेशियमचं पण बघावं लागतं.

फरक काय दिसला? ठिबकच्या शेजारी एक एकर अजून हाताच्या खतावर आहे, त्यामुळे बांधावर उभं राहिलं की दोन्ही दिसतात. हाताच्या खताचा कापूस ऑगस्टमध्ये जास्त उंच आणि काळाभोर हिरवा दिसतो, येणारा-जाणारा त्याचंच कौतुक करतो. ठिबकचा जरा बुटका पण पेरं जवळजवळ, खालपासून कैऱ्या लागलेल्या. तुडतुड्यासाठी तिकडे एक फवारणी जास्त लागली. वेचणी इकडे आठ-दहा दिवस आधी सुरू झाली. उत्पन्नाचा आकडा मुद्दाम देत नाही, पाऊस दोन्ही वर्षं वेगळा होता आणि ठिबकच्या पाण्याचा फायदा वेगळा काढता येत नाही. पण युरियाचं जवळपास एक पोतं एकरी वाचलं आणि खत टाकायची दोन वेळची मजुरी वाचली हे पक्कं.

कोरडवाहूवाल्यांनी यात पैसे घालू नयेत, त्यांनी युरिया दोन-तीन वेळात, वापशावर, झाडापासून वीतभर लांब मातीत बुजवून दिला तरी हवेत जाणारा बराच थांबतो.

मी पाचातले चार स्टार देतो, एक कापला तो व्हॉल्व्हबद्दल खोटं सांगितल्याचा. यंदा तिसऱ्या एकरावर पण ठिबक घेतोय, तिन्ही एकराला मिळून दीड इंची लावावी का एक इंचीच दोन पाळीत चालवावी हे ठरत नाहीये. कोणाकडे तीन-चार एकराला दीड इंची असेल तर मोटर किती एचपीची आणि ड्रम किती वेळात रिकामा होतो तेवढं सांगा.