१० फुटी फ्रेम पूल, नागपूरचं छोटं अंगण: एक उन्हाळा अन् एक पावसाळा काढल्यावर

पाचातले तीन स्टार देतोय, अन् जे दोन कापले ते दोन्ही ड्रेनच्या तोंडासाठी, बाकी पूलवर माझा फार राग नाही. १० फूट बाय ३० इंचाचा, निळा, स्टीलच्या नळ्यांचा, सगळ्यांनी पाहिलेला आहे त्यामुळे स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. घ्यायच्या आधी मी भरपूर व्हिडिओ पाहिले, त्या सगळ्यांत लोक पूल जोडतात, भरतात, पोरं उड्या मारतात अन् व्हिडिओ संपतो. साडेचार हजार लिटर पाणी अंगणातून बाहेर कसं काढायचं हे एकही माणूस दाखवत नाही. ते मी आता सांगतो, पण आधी बाकीचं उरकून घेऊ.

आमचं रो-हाऊस आहे, मागे १४ बाय १८ चं अंगण, तीन बाजूंनी भिंत, एका कोपऱ्यात आईचं तुळशी वृंदावन जे हलवायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरलं. १० फुटी पूल म्हणजे १० फूट जागा असं समजू नका, नळ्यांचे पाय बाहेर येतात, एका बाजूला फिल्टरचा पंप, शिवाय माणसाला चारी बाजूंनी फिरून हात घालता आला पाहिजे, म्हणजे किमान १३ फूट धराच. कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवर गेली, त्यावरून बायकोनं जे ऐकवलं ते रिव्ह्यूत लिहिण्यासारखं नाही.

जागा बनवणं हेच खरं काम, पूल जोडायला तर अर्धा तास लागतो. आमच्याकडची माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात अन् ओली झाली की फुगते, त्यामुळे डायरेक्ट तिच्यावर पूल ठेवायचा नाही. वरचा थर काढून मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मसनं ठोकून घेतला, गवंड्यानं आपला नेहमीचा पारदर्शक पाईप पाण्यानं भरून लेव्हल घेतली, अन् प्रत्येक पायाखाली एक पेव्हर ब्लॉक बसवला. उंच भाग खोदून खाली आणायचा, खोल भाग मातीनं भरून वर आणायचा नाही, कारण भरलेली माती वजनानं दबतेच. अजून एक, लव्हाळा म्हणजे नागरमोथा असेल तर गाठीसकट उपटा, त्याचे कोंब सुईसारखे असतात, ताडपत्री अन् पूलचा तळ दोन्ही फोडून वर येतात. हराळीला मी एवढा घाबरत नाही.

पाणी. उन्हाळ्यात पूल भरता म्हणजे पैसा जास्त झाला का, असं एका नातेवाईकानं तोंडावर विचारलं. टँकरचं पाणी घेतलं नाही, नळाचंही नाही, बोअरचं भरलं, थांबून थांबून, नाहीतर मोटर गरम होते. अन् हे पाणी रोज बदलायचं नसतं. ते फुगवायचे छोटे टब असतात ना, ते आम्ही आधी वापरले आहेत, दर दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचे, पूर्ण सीझनचा हिशोब केला तर फिल्टरवाला पूल पाण्यात स्वस्त पडतो. नातेवाईकाला हे पटलं नाही पण मे महिन्यात तेच पोरांना घेऊन दोनदा आले.

आता उन्हाळ्याचा अनुभव. पहिल्या आठवड्यात मी या पूलला एक स्टार देणार होतो. कारण नागपूरच्या उन्हात ३० इंच पाणी म्हणजे दुपारी चारला गिझरच चालू केल्यासारखं, पोरं पाय घालून बाहेर यायची. जाहिरातीत थंडगार वगैरे लिहिलंय ते युरोपसाठी असेल. मग वरून शेतीच्या दुकानातलं हिरवं ग्रीन नेट बांधलं, चारी बाजूंनी हवा जाईल असं, तेव्हा चित्र बदललं. पाणी थंड झालं असं नाही, पण सहन होईल इतकं राहू लागलं, अन् सकाळी सात वाजता किंवा रात्री जेवण झाल्यावर जे सुख आहे ते शब्दात नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसताना आम्ही रात्री दहा वाजता मानेपर्यंत पाण्यात बसून आंबे खाल्लेत. बसूनच हं, उभं राहिलं तर पाणी मांडीपर्यंत येतं, पोहणं वगैरे विसरा.

ग्रीन नेटचा दुसरा फायदा पैशाचा. या पूलमध्ये एक सेंटीमीटर पाणी उतरलं म्हणजे जवळपास ७३ लिटर गेलं, गोलाचं क्षेत्रफळ काढून बघा. मे महिन्यात कोरड्या वाऱ्यानं एवढं पाणी एका दिवसात सहज उडतं अन् पहिल्यांदा वाटतं पूल गळतोय. गळत नाही. खात्री करायची असेल तर बादलीत पाणी भरून ती पूलच्या पाण्यातच शिडीच्या पायरीवर ठेवा अन् दोन्हींवर खूण करा, दोन्ही सारखंच उतरलं तर ऊन पितंय. नेट लावल्यावर उतरणं कमी झालं आणि क्लोरीनही जास्त टिकलं, कारण उन्हानं साधं क्लोरीन काही तासांत उडून जातं.

क्लोरीनचं थोडक्यात. टीसीसीएच्या (पूलसाठीच्या क्लोरीनच्या) गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवायच्या, त्यात ऊन सोसायचं द्रव्य आधीच असतं. ब्लीचिंग पावडर स्वस्त आहे पण थेट टाकायची नाही, वेगळ्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा अन् वरचं निवळ पाणी ओतायचं, नाहीतर तळाला पांढरा गाळ. गोळ्या अन् पावडर एकत्र एका डब्यात कधीच नाही, अन् ॲसिडजवळ तर मुळीच नाही, विषारी गॅस निघतो. फ्री क्लोरीन (म्हणजे अजून काम करायला शिल्लक असलेलं) १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम, अन् पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवायचा, त्यासाठी वॉटर फिल्टरच्या दुकानात मिळणारी दोन बाटल्यांची किट पुरते, क्लोरीनच्या चाचणीत पाणी पिवळं होतं, पीएचच्या चाचणीत लाल. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे पाण्याच्या कडेला पांढरी रेघ बसते, ती व्हिनेगरनं निघते. पीएच आठच्या वर गेला की कितीही गोळ्या टाका, नीट काम करत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही कारण त्याला गोळ्या विकायच्या असतात.

सोबत येणारा फिल्टर पंप मात्र खेळण्यातला आहे. शेजारच्यांच्या कडुलिंबाचा मोहोर गळत होता तेव्हा कागदाची कार्ट्रिज रोज धुवावी लागली. जाळीचं सूप घेऊन वरचा कचरा आधी काढला तर बरं. आणि पंपाची वायर ओल्या जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डात लावू नका रे बाबांनो, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, पोरं पाण्यात असताना पंप बंद. लहान मूल ३० इंचात बुडू शकतं, मोठं माणूस समोर हवंच, अन् वापर झाला की शिडी काढून घरात.

आता मुख्य विषय. गावाकडे लग्नाला गेलो, वीज गेली असणार, पंप बंद पडला, आलो तर पाणी पोपटी. औषध टाकून निघालं असतं पण घरच्यांनी सांगितलं आम्ही त्यात पाय ठेवणार नाही, म्हणून रिकामा करायचं ठरलं. ड्रेनच्या तोंडाची रचना अशी आहे की बाहेरचं झाकण काढायचं अन् सोबत आलेलं अडॅप्टर लावायचं, त्याचे दोन पाय आत घुसून आतलं बूच ढकलतात अन् पाणी सुरू होतं. कल्पना चांगली. पण अडॅप्टरच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडचा पाईप बसतच नाही! पाऊण इंची दिसतं, हातात घेतलं तर बसेल असंच वाटतं, एक फेरा जातो अन् अडकतं. मी आधी टेफलॉन टेप गुंडाळला, मग जोर लावला, मग साळ्यानं जोर लावला.

कस्टमर केअरला फोन. "सर, तुमच्या मॉडेलला ड्रेन अडॅप्टर बॉक्समध्येच येतं." म्हटलं आलंय, पाईप लागत नाही. "सर, फोटो पाठवा." पाठवला. "सर, हे अडॅप्टर बरोबर आहे." अहो बरोबर असेल पण पाईप लागत नाही! मग तिकीट उघडलं, मग तिकीट बंद झाल्याचा मेसेज आला, पुन्हा उघडलं, एका मॅडमनं सांगितलं की सर पाईप तुमचा आहे त्यामुळे तो वॉरंटीत येत नाही. शेवटी कुरिअरनं दुसरं अडॅप्टर आलं. हुबेहूब तेच.

उत्तर दिलं इतवारीतल्या हार्डवेअरवाल्यानं, पाच सेकंदात. बोटानं आटे चाचपले अन् म्हणाला, "भाऊ, हा थ्रेड आपला नाही." तो अमेरिकन बागेच्या पाईपचा थ्रेड आहे, इंचाला साडेअकरा आटे, अन् आपल्या पाऊण इंची नळाला इंचाला चौदा. जोर लावून बसणार कसं? म्हणजे भारतात विकायचा पूल, २३० व्होल्टचा पंप देता, भारतातली एमआरपी छापता, अन् पाणी काढायचं तोंड तिकडचं ठेवता. शंभर रुपयांचा प्लॅस्टिकचा तुकडा. इतक्या मोठ्या खोक्यात हा एक तुकडा जास्तीचा मावला नसता का? माझे दोन स्टार इथे गेले अन् मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. हार्डवेअरवाल्यानं जो उपाय दिला तो असा: सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा अडॅप्टरवर चढवायचा, दुसऱ्या बाजूनं पाईप त्यात घालायचा, दोन्हीकडे स्टीलचे क्लॅम्प आवळायचे. एक थेंब गळत नाही.

तरी गोष्ट संपत नाही, कारण गल्लीत सिमेंट रोड झाल्यापासून गल्ली वर अन् आमचं अंगण खाली. उतारच नाही तर पाईप लावून पाणी जाणार कुठे? सोडलं ते काळ्या मातीत, अन् मागच्या काकू भिंतीवरून, "भाऊ, आमच्या भिंतीले ओल येऊन राहिली ना!" बंद केलं लगेच. ड्रेनचं तोंड एवढं गाजवून शेवटी पाणी काढलं कूलरच्या पंपानं. हो, डेझर्ट कूलरचा असतो तो, जुन्या कूलरमधला, पाण्यात बुडवला, पाईप बाजूच्या बोळातून पुढच्या चेंबरपर्यंत नेला अन् रात्रभर चालू ठेवला, धार बारीक असते पण सकाळी पूल तळाला आला होता. तळ दिसायला लागला की पंप हवा ओढतो, तो त्या आधी बंद करा, खालचे दोन-तीन इंच सुपलीनं बादलीत भरून टाकायचे. या कामाला घरातलं कोणीही मदतीला येत नाही.

पावसाळ्यानंतरचा अपडेट इथेच लिहितो. दुसऱ्यांदा रिकामा करायच्या वेळी पाणी स्वच्छ होतं म्हणून फुकट घालवलं नाही. आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या, किटमध्ये पिवळा रंग येणं थांबलं, मग झाडांना, अंगण धुवायला, फ्लशला, गाडीला, असं बादल्या-बादल्यांनी बरंच संपवलं. आईनं तुळशीला घालू दिलं नाही. त्या दिवसांत बोअरची मोटर फक्त स्वयंपाकाच्या अन् अंघोळीच्या पाण्यापुरती चालली, त्यामुळे माझं मत थोडं मवाळ झालंय, हवं तर सव्वातीन स्टार समजा.

डासांचं विचाराल तर, डेंग्यूच्या सर्वेला महापालिकेच्या ताई आल्या, टॉर्च मारून पूल बघितला, पंप अन् क्लोरीन चालू असल्यानं पाण्यात काहीच नव्हतं. अळ्या सापडल्या पूलवर झाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगट भागात, जिथे पावसाचं पाणी साचलं होतं. अंडं ते डास एक-दीड आठवड्यात होतं, त्यामुळे आता मध्ये एक प्लॅस्टिकचा ड्रम उलटा ठेवून ताडपत्रीला उंची दिली, पाणी कडेनं गळून जातं. आणि ऑगस्टमध्ये एका बाजूचे दोन पाय बोटभर खचले, मुरूम असूनही, कारण छपराची पन्हळ नेमकी तिकडे पडते. पाणी एका कडेला वर दिसायला लागलं की समजा लेव्हल गेली.

आता पूल धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून, टाल्कम पावडर टाकून घडी घातलाय, लोखंडी पेटीत, कारण उंदरांना हे प्लॅस्टिक आवडतं. जोडाच्या ठिकाणी, टी-जॉईंटच्या आत, थोडा गंज आहे, तिथे प्रायमर मारीन.

ज्यांचं अंगण १३ फुटांहून अरुंद आहे त्यांनी ८ फुटी, २० इंचाचा घ्या, दोन हजार लिटरच्या आसपास पाणी, कूलरच्या पंपाला पण दया येईल. आणि गच्चीवर ठेवू का विचारणाऱ्यांना: नको. पूर्ण भरल्यावर दर चौरस मीटरला सहाशे किलोच्या वर वजन येतं, घराच्या गच्च्या साधारण दीडशे-दोनशे किलो धरून डिझाइन करतात. तरी ठेवायचाच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, बिल्डरच्या तोंडी "काही होत नाही"वर जाऊ नका.