"तुकडा काढू नका" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

तोंडाच्या कॅन्सरमधली फसवणूक बहुतेक वेळा एका वाक्याने सुरू होते: "तुकडा काढू देऊ नका, सुरी लागली की पसरतो." जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत महिनाभर न भरलेली जखम असते, दंतवैद्याने बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) सांगितलेली असते, घरातले सगळे हादरलेले असतात. नेमकं तेव्हाच कुणीतरी ऑपरेशनशिवाय बरं करणाऱ्याचा पत्ता देतं.

पुढचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पहिल्या भेटीत रिपोर्ट मागत नाहीत, बरे झालेल्यांचे फोटो दाखवतात. मग लेप देतात. तो लावला की भयंकर आग होते, काही दिवसांत काळपट खपली धरते आणि एक दिवस मेलेल्या मांसाचा तुकडा सुटून पडतो. "बघा, मूळ बाहेर आलं," असं सांगितलं जातं.

ते मूळ नसतं. असे जाळणारे लेप बहुधा झिंक क्लोराइडसारख्या दाहक रसायनांचे असतात. रोगट काय आणि निरोगी काय, हे त्यांना कळत नाही. लागेल ते जळतं. मेलेला थर गळतो, वर नवं आवरण चढतं आणि खाली उरलेल्या पेशी स्नायूत उतरत राहतात. जखम वरून भरलेली दिसते म्हणून रुग्ण निर्धास्त होतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच काळात होतं. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीनुसार, गाठ किती वाढली याची पायरी ठरवताना तिची रुंदी आणि खोली दोन्ही मोजतात. 2 सेंमीपर्यंत रुंद आणि 5 मिमीपर्यंत खोल असेल तर पहिली पायरी. रुंदी तेवढीच राहिली तरी खोली 5 मिमीच्या पुढे गेली की दुसरी. मानेतल्या एका जरी लसिकाग्रंथीत रोग पोहोचला, तरी बरं होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. बुडालेले पैसे एक वेळ परत मिळवता येतील, हे गेलेले महिने नाहीत.

फोटोतले लोक खोटेच असतील असं नाही. साधं तोंड आलेलं 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतं. काहींचं ऑपरेशन आधीच झालेलं असतं. म्हणून एकच गोष्ट मागा: उपचाराआधीचा बायोप्सी रिपोर्ट. तो दाखवता येत नसेल तर बरा झाला तो कॅन्सर होता, याला पुरावाच नाही. बधिर करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या जेलनेही आग थांबते आणि "गुण आला" असं वाटतं. सुरुवातीचा कॅन्सर तर बहुतेकदा दुखतच नाही, त्यामुळे दुखणं थांबण्याला फार अर्थ नाही.

बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. जागा इंजेक्शनने बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, तोही शक्यतो जखमेच्या कडेवरून, कारण मधल्या भागात नुसत्या मेलेल्या पेशी सापडू शकतात. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये तपासणीला जातो. रक्ताच्या तपासणीवरून किंवा खास प्रकाश टाकून पक्कं निदान करून देतो म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. निळा रंग लावून किंवा प्रकाशात पाहून फार तर संशयाची जागा ठरवता येते.

"तंबाखूमुक्त" म्हणून विकली जाणारी सुपारी हीसुद्धा फसवणूकच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी. सुपारीने तोंड आखडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून आत जात नसतील तर दाखवून घ्या.

दर महिन्याला आरसा आणि टॉर्च घेऊन तोंड बघा. कवळी काढा. जीभ कापडाने धरून दोन्ही बाजूंना ओढा आणि कडा पाहा, मग जीभ वर उचलून खालची जागा. या दोनच जागा सर्वाधिक नजरेआड होतात. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), कडक गाठ, ओठाला बधिरपणा, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ, यांपैकी काहीही असलं तरी दाखवा. दात टोचून जखम झाली असं वाटत असेल तर दंतवैद्याकडून दाताची टोचणारी कड घासून गुळगुळीत करून घ्या, पण दोन आठवड्यांत भरली नाही तर बायोप्सी कराच.

लेप आधीच लावून झाला असेल तर लाजून लपवू नका. किती दिवस लावला ते सांगा, डबी आणि आधीचे फोटो बरोबर न्या. जळलेल्या जागेच्या तुकड्यात कधी कधी फक्त मेलेलं ऊतक आणि सूज दिसते आणि रिपोर्ट "कॅन्सर नाही" असा येतो. डॉक्टरांना लेपाची माहिती असेल तर ते खोलवरून पुन्हा तुकडा घेतील आणि मानही तपासतील.