विंडोज 7 वर डब्ल्यूएक्सविजेट्स 3.2: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात एखाद्या अडत दुकानात डोकावलं, की गल्ल्याशेजारी अजूनही 32-बिट विंडोज 7 चं मशीन दिसतं. दोन जीबी रॅम, बाजूला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मागच्या सीरियल पोर्टात काट्याची वायर. मायक्रोसॉफ्टने या विंडोजचा आधार 14 जानेवारी 2020 ला बंद केला. पण नव्या मशीनला तो पोर्टच नसतो, आणि हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत चालतं मशीन कुणी हलवत नाही. अशा मशीनवर शेतकऱ्याची पट्टी काढणारा, हमाली, तोलाई, अडत वजा करून देणं दाखवणारा प्रोग्राम डब्ल्यूएक्सविजेट्स (थोडक्यात डब्ल्यूएक्स) या खिडक्या-बटणं बनवणाऱ्या सी++ लायब्ररीवर बांधून वापरल्याचा हा अनुभव आहे. लायब्ररी उतरवण्यापासून सगळं त्याच जुन्या मशीनवर केलेलं आहे.

हीच लायब्ररी का, ते थोडक्यात. क्यूटी आणि एफएलटीके या अशाच दुसऱ्या दोन लायब्ररी. क्यूटी 6 ला विंडोज 10 लागते. विंडोज 7 वर क्यूटी 5.15 पर्यंतच जाता येतं. एफएलटीके छोटी आणि झटपट कंपाइल होणारी, पण तिचे चौकोन-बटणं ती स्वतः रंगवते. डब्ल्यूएक्स मात्र विंडोजचेच कंट्रोल, म्हणजे चौकोन-बटणं, वापरते, त्यामुळे जोडाक्षरं, वेलांट्या, कर्सरची जागा हे सगळं विंडोज सांभाळते. मराठी लेबलांच्या प्रोग्रामला एवढं एक कारण पुरेसं आहे. परवान्याचीही अडचण नाही: स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्याच फाइलीत लायब्ररी जोडून, बंद सोर्सचा प्रोग्राम विकता येतो. परवान्यावर नाव मात्र डब्ल्यूएक्सविंडोज दिसेल. 1992 मध्ये ज्युलियन स्मार्ट यांनी एडिनबर्ग विद्यापीठात लायब्ररी सुरू केली तेव्हाचं ते नाव, 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यावरून बदललेलं. जुनी मदत शोधताना दोन्ही नावांनी शोधावं.

आवृत्ती 3.2 चीच घ्यावी. 3.3 ला सी++11 लागतं आणि तिने एक्सपी सोडून दिली आहे. तिचा डार्क मोड विंडोज 7 वर काही कामाचा नाही. 3.2 चा प्रोग्राम एक्सपीवरही चालतो. यार्डात एक्सपीची एक-दोन मशीनं निघतातच.

आता उतरवताना. प्रकल्पाच्या पानावर दोन झिप असतात. "सोर्स कोड" नावाची झिप आपोआप तयार होते आणि तिच्यात सबमॉड्यूल, म्हणजे बाहेरून घेतलेल्या उप-लायब्ररी, नसतात: पीएनजी, झेडलिब, एक्सपॅट, पीसीआरई यांचे फोल्डर रिकामे निघतात. कंपाइल अर्ध्यावर जाऊन फाइल सापडत नाही म्हणून थांबतं. लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती ज्या झिपच्या नावात आहे तीच घ्या. जुन्या ब्राउझरला टीएलएस 1.2 ही सुरक्षित जोडणी जमत नसेल तर पान उघडणारच नाही. दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने आणणं सोपं.

त्याआधी बायोसचं घड्याळ बघा. दहा-बारा वर्षांच्या मदरबोर्डवरचा 2032 सेल बहुतेक वेळा संपलेला असतो आणि लाइट गेली की तारीख मागे जाते. त्याचे परिणाम दोन: सुरक्षित साइटची सर्टिफिकेटं चुकीची ठरतात, आणि काय कंपाइल करायचं ते ठरवणाऱ्या मेकचा सगळा हिशेब फाइलींच्या वेळेवर असल्याने "क्लॉक स्क्यू" असा इशारा येऊन बिल्ड अर्धवट राहतं. कुठलीही फाइल पुन्हा का कंपाइल होते, कुठली का होत नाही, काही कळत नाही. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. हे कारण शोधायला दिवस जातो.

कंपायलर म्हणून मिंगडब्ल्यू-डब्ल्यू64 चा 32-बिट, एमएसव्हीसीआरटी जातीचा, म्हणजे विंडोजसोबतच येणारी जुनी सी रनटाइम वापरणारा, संच घ्यावा. असे कंपायलर पुरवणाऱ्या एमएसवायएस2 ने विंडोज 7 सोडली आहे, त्या वाटेला जाऊ नये. यूसीआरटी, म्हणजे नव्या रनटाइमच्या, जातीचा कंपायलर घेतला तर प्रोग्राम उघडताना "एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम" ने सुरू होणारी डीएलएल नाही अशी पाटी येते. त्यावर केबी2999226 हे अपडेट आहे. पण प्रत्येक दुकानातल्या मशीनवर ते घालत फिरण्यापेक्षा कंपायलरच योग्य जातीचा घेतलेला बरा. 32-बिटमध्ये आणखी एक भेद असतो: अपवाद हाताळणी ड्वार्फ पद्धतीची की एसजेएलजे पद्धतीची. लायब्ररी एकाने आणि प्रोग्राम दुसऱ्याने कंपाइल केला तर लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम, "पर्सनॅलिटी" असं नाव असलेलं चिन्ह सापडत नाही म्हणून ओरडतो. त्यावर इलाज एकच, दोन्ही एकाच कंपायलरने पुन्हा.

झिप सी ड्राइव्हच्या मुळाशी, रिकामी जागा नसलेल्या छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये सोडवा. विंडोजचा युजर देवनागरी नावाचा असेल तर टेम्प फोल्डरच्या पत्त्यातही देवनागरी येते आणि कंपायलरला मधल्या फाइली लिहिता येत नाहीत. टेम्प आणि टीएमपी ही दोन्ही व्हेरिएबलं आधी साध्या रोमन पत्त्यावर वळवा. अँटिव्हायरसमध्ये हा फोल्डर वगळा, नाहीतर हजारो छोट्या फाइली एकेक करून तपासल्या जातात.

सर्वांत आधी इन्क्लूड, डब्ल्यूएक्स, एमएसडब्ल्यू या फोल्डरातली सेटअप.एच उघडून नको ते बंद करा: एसटीसी, रिचटेक्स्ट, रिबन, मीडिया, वेबव्ह्यू. एसटीसी म्हणजे कोड एडिटरचा कंट्रोल. पट्टीच्या प्रोग्रामला त्याचा उपयोग नाही आणि कंपाइलचा वेळ खाण्यात तो पुढे आहे. हे पहिल्या बिल्डआधीच करायचं. पहिल्या बिल्डच्या वेळी या फाइलची एक प्रत लिबच्या आत एमएसडब्ल्यूयू फोल्डरमध्ये जाते आणि पुढे तीच वापरली जाते. नंतर मूळ फाइल कितीही बदला, फरक पडत नाही.

मग कमांड प्रॉम्प्टवर बिल्ड, एमएसडब्ल्यू या फोल्डरमध्ये जाऊन मिंगडब्ल्यू32-मेकला मेकफाइल.जीसीसी द्यायची, शेअर्ड 0, मोनोलिथिक 0, बिल्ड रिलीज, आणि सेटअप.एच मध्ये बंद केलेल्या भागांचे यूज-एसटीसीसारखे पर्यायही 0. दोन जीबी रॅमवर जे2 च्या, म्हणजे एका वेळी दोन कामांच्या, पुढे जाऊ नये, डिस्क घासायला लागते आणि वेळ उलट वाढतो. पहिल्याच ओळीला फोल्डर तयार करताना चूक आली तर पाथमध्ये कुठेतरी एसएच.ईएक्सई आहे असं समजा. बहुधा गिटने टाकलेली असते. ती सापडली की मेक सगळ्या आज्ञा तिच्याकडे देतं आणि मेकफाइलमधल्या विंडोजच्या "इफ नॉट एक्झिस्ट" ओळी तिला कळत नाहीत. त्या खिडकीपुरता पाथ छोटा करून घ्या.

लाइट हा वेगळा विषय. यूपीएस नसताना बिल्ड मध्येच तुटलं तर काही ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या राहतात. मेकला त्या ताज्या वाटतात, म्हणून पुन्हा कंपाइल होत नाहीत आणि शेवटी लिंकर "फाइल फॉरमॅट" ओळखता येत नाही म्हणतो. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. जीसीसी-एमएसडब्ल्यूयू फोल्डर आकारानुसार लावा, शून्यवाल्या फाइली आणि अर्धवट बनलेली .ए फाइल पुसा, मेक पुन्हा चालवा. डीबग बिल्ड मात्र या मशीनवर करूच नये. 32-बिट प्रोसेसला साधारण दोन जीबीच पत्ते मिळतात आणि डीबग माहितीसकट स्टॅटिक लिंक करताना लिंकर मेमरी संपली म्हणून थांबतो.

स्वतःचा प्रोग्राम जोडताना क्रम महत्त्वाचा: आधी कोअर, मग बेस, मग टिफ, जेपेग, पीएनजी, झेडलिब, रेजेक्स, एक्सपॅट, आणि सर्वांत शेवटी विंडोजच्या लायब्ररी. त्यांत कॉमसीटीएल32, विनस्पूल, ओलेएसीसी, यूएक्सथीम, श्लवॅपी या हमखास राहून जातात. जीएनयू लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, मागे वळून बघत नाही. स्टॅटिकचा पर्याय दिला नाही तर दुकानातल्या मशीनवर लिबजीसीसी आणि लिबएसटीडीसी++ च्या डीएलएल मागेल. डब्ल्यूएक्स.आरसी ही फाइल विंडरेस या साधनाने जोडायला विसरलात तर बटणं विंडोज 98 सारखी चौकोनी दिसतात, कारण नव्या रूपाची बटणं मागणारं मॅनिफेस्ट त्या फाइलमधून येतं.

मराठीसाठी एकच नियम: साध्या अवतरणात देवनागरी लिहून ती थेट डब्ल्यूएक्सस्ट्रिंगला देऊ नका. विंडोजच्या चालू कोडपेजप्रमाणे ती वाचली जाते आणि पडद्यावर कचरा दिसतो. अवतरणाआधी एल लावा किंवा फ्रॉमयूटीएफ8 वापरा. एक्सपीवर याशिवाय कंट्रोल पॅनेलच्या रिजनल सेटिंगमध्ये "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट" ची खूण करावी लागते आणि ती विंडोजची सीडी मागते. सीडी कुणाकडेच नसते; आय386 फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवलेला बरा.

आठ महिन्यांत खटकलेल्या गोष्टी तीन. पहिली, रकमेतले स्वल्पविराम. डब्ल्यूएक्सनंबरफॉरमॅटर तीन-तीन अंकांचेच गट पाडतो, म्हणजे 1,23,456 च्या जागी 123,456 छापतो. व्यापारी ही रक्कम दोनदा वाचतो आणि मग विश्वास ठेवत नाही. विंडोजचं गेटनंबरफॉरमॅट वापरून ग्रुपिंगला 32 दिलं की लाखाचे गट बरोबर पडतात. दुसरी, प्रोग्रामला एनडीबग दिलं नसेल तर रिलीज बिल्डमध्येही असर्ट, म्हणजे चूक दिसली की पाटी दाखवणाऱ्या तपासण्या, चालू असतात. कंट्रोलची मांडणी करणाऱ्या एखाद्या सायझरमध्ये एक्सपांड आणि अलाइन-राइट एकत्र लिहिलं असेल तर गिऱ्हाइकासमोर इंग्रजी पाटी उभी राहते. चुका दुरुस्त कराव्यातच, पण दुकानात द्यायची प्रत डीबग-लेव्हल 0 ने, लायब्ररी आणि प्रोग्राम दोन्हीला तोच आकडा ठेवून बांधावी. तिसरी, छपाई. डब्ल्यूएक्सची छपाई चित्र म्हणून जाते, त्यामुळे डॉट मॅट्रिक्स एकेका पट्टीवर रेंगाळतो. विनस्पूलमधून "रॉ" प्रकाराने मजकूर पाठवला की पट्टी झटक्यात निघते, मात्र प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत, म्हणजे रोमनमध्ये. शेतकऱ्याच्या हातात जाणारी प्रत मराठी आणि सावकाश, दुकानाची प्रत रोमन आणि झटपट, अशी वाटणी सोयीची ठरते.

काट्यासाठी लायब्ररीत सीरियलचा वर्ग नाही. विंडोजच्या क्रिएटफाइलने पोर्ट उघडावा लागतो, आणि यूएसबी कन्व्हर्टरने कॉम10 किंवा पुढचा क्रमांक दिला असेल तर नावाआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, टिंब आणि आणखी एक उलटी रेघ लागते. नाहीतर पोर्ट नाही असंच उत्तर येतं. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यात, ठेवा, पण त्या थ्रेडमधून वजनाचा चौकोन थेट बदलू नका. डब्ल्यूएक्सक्यूइव्हेंटने वजन मुख्य थ्रेडकडे पाठवा. थेट बदललं तरी दिवसभर चालल्यासारखं वाटतं, आणि काट्यावर गर्दी असतानाच प्रोग्राम बंद पडतो.