ताजमध्ये राहायला जाणाऱ्या बडोदेकरांसाठी: पैसे कशावर घालावेत आणि कशावर नाही

आधी मुद्द्याचं सांगते, कारण बडोद्याहून बरेच जण विचारतात की मुंबईच्या ताजला राहण्यात काय अर्थ आहे, तेवढ्या पैशात अख्खं गोवा होतं. खरंय, होतं. पण ताजला जायचंच असेल तर जुन्या इमारतीतली, म्हणजे पॅलेस विंगमधलीच खोली घ्या आणि एकदा घेतलीत की मग मुंबई फिरायला बाहेर पळू नका. आम्ही बडोदेकर तीच गडबड करतो, सामान टाकलं की लगेच टॅक्सी, हाजी अली, सिद्धिविनायक, शॉपिंग, आणि रात्री दमून खोलीवर फक्त झोपायला. झोपायला काय कुठलंही हॉटेल चालतं हो. इथे इमारत हीच बघायची गोष्ट आहे, तिच्यात वेळ काढायचा.

आम्ही गेलो ते आईबाबांसाठी, म्हणजे माझ्या सासूसासऱ्यांसाठी, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला. बाबा कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिल शिकवायचे, आता रिटायर्ड, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहतात आणि कुठलीही जुनी इमारत दिसली की आधी तिचा पाया नि जिना विचारतात. त्यांना ताज बघायचं होतं ते श्रीमंती बघायला नाही, तर हे बांधलं कसं ते बघायला. आणि दुसरं कारण म्हणजे ताज बांधणारे जमशेटजी टाटा आपल्याकडचे, ३ मार्च १८३९ ला नवसारीत जन्मले आणि नवसारी तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होती, त्यामुळे बाबांच्या हिशेबात ताज हे निम्मं बडोद्याचंच. गाडी नवसारीवरून गेली तेव्हा त्यांनी हे पुन्हा सांगितलं आणि शेजारच्या सीटवरच्या गुजराती काकांनीही मान डोलावली.

हॉटेल सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला. इमारतीचा आराखडा मूळचा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, पुढे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज माणसाने पुरं केलं. वैद्य हे नाव मराठी माणसांतही फार कुणाला माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गेटवेसमोर दिवसभर हजारो लोक या इमारतीबरोबर सेल्फी काढतात आणि ती एका मराठी माणसाच्या हातून कागदावर उतरली हे कुणाच्या गावीही नसतं. मधला तो मोठा जिना, घुमटाखालून वर चढत जाणारा, तो बघताना बाबा एवढे रमले की आम्ही तिघे वर पोचून कंटाळलो आणि हे अजून खालच्या पायऱ्यांवर, पायऱ्या भिंतीतून बाहेर कशा काढल्यात, वजन कुठे जातंय, कठड्याला हात लावून बघतायत. तिथल्या एका कर्मचाऱ्याने ते पाहिलं आणि घाई न करता, शेजारी उभं राहून, मराठीतूनच माहिती दिली. राहणाऱ्या पाहुण्यांसाठी हेरिटेज वॉक असतो, वेळ रिसेप्शनला विचारून घ्या आणि तो अजिबात चुकवू नका, माझ्या मते खोलीच्या भाड्यातला सगळ्यात वसूल होणारा भाग तोच.

एक गोष्ट तुम्हाला टॅक्सीवाल्यापासून नातेवाईकांपर्यंत सगळे सांगतील की ताज चुकून उलटं बांधलं गेलं आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला. तसं काही नाही. पूर्वी दार शहराच्या बाजूला होतं, जिथे आता स्विमिंग पूल आहे तिथे, कारण घोडागाड्या शहराकडून यायच्या, आणि समुद्राची बाजू मुद्दाम खोल्यांसाठी ठेवली, हवा नि देखावा दोन्ही तिकडेच. बाबा म्हणाले, अगं आपल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचे आर्किटेक्ट मेजर मँट, त्यांच्याबद्दलही असंच सांगतात ना, की गणित चुकलं, पॅलेस पडणार म्हणून त्यांनी जीव दिला, आणि पॅलेस तर सव्वाशे वर्षांहून जास्त उभा आहे. मोठी इमारत उभी राहिली की तिच्या आर्किटेक्टच्या मरणाची एक कहाणी लोक जोडतातच बहुतेक. तसंच ते मुंबईतल्या तेव्हाच्या गोऱ्यांच्या वॉटसन हॉटेलने जमशेटजींना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, हेही सर्रास ऐकू येतं, पण बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. मला दुसरं कारण जास्त पटतं, १८९६ च्या प्लेगने मुंबईची पार रया गेली होती आणि त्यांना शहराला पुन्हा उभारी द्यायची होती. हॉटेल सुरू झालं आणि सहा महिन्यांच्या आत, मे १९०४ मध्ये ते जर्मनीत वारले. आपण बांधलेलं त्यांना जेमतेम बघायला मिळालं, हे कळल्यावर आई बराच वेळ गप्प होती.

लक्ष्मीविलास आपण बघतो तो दोरीच्या अलीकडून, कानाला ऑडिओ गाइड लावून, इथे त्याच काळातल्या, त्याच धाटणीच्या कमानींखालून आपण हातात चहाचा कप घेऊन फिरतो, कुणी हटकत नाही. हा फरक बडोद्याच्या माणसाला जेवढा कळेल तेवढा दुसऱ्या कुणाला कळणार नाही. कॉरिडॉरमध्ये चित्रं आहेत, हुसेन, गायतोंडे अशा मोठ्या चित्रकारांची, ज्यांची नावं आम्ही बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या गर्दीत वाढल्यामुळे लहानपणापासून ऐकलेली, तीही निवांत बघा.

खोली समुद्राकडची घ्यायची की शहराकडची, तर परवडत असेल तर समुद्राकडचीच, पण एक लक्षात ठेवा, हा समुद्र पूर्वेचा आहे. मुंबईचा समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त येतो, तो इथे दिसणार नाही, इथे सूर्य पाण्यातून वर येतो. म्हणून पहाटे उठा. सहाच्या सुमारास बंदरात होड्या नुसत्या उभ्या असतात, गेटवेच्या आवारात कबुतरं सोडून फारसं कुणी नसतं आणि मग हळूहळू पाणी तांबूस होत जातं, आई खिडकीत बसून तेवढ्यात तिचा जप करून मोकळी झाली. खिडकीतून दिसणारा गेटवे ताजपेक्षा धाकटा आहे हे माझ्या लेकाला खरंच वाटेना. त्याचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे पहिली एकवीस वर्षं ताजसमोर गेटवे नव्हताच. शेजारचा उंच टॉवर १९७३ चा, तिथल्या खोल्या भाड्याला हलक्या असतात आणि वरच्या मजल्यांवरून समुद्र छान दिसतो, पण मग जुन्या इमारतीत राहिल्याचं समाधान नाही, ज्याच्यासाठी आपण एवढं खर्च करतोय.

आता खाण्याचं. इथे माझं मत अगदी ठाम आहे, पैसे सी लाउंजला घाला. पहिल्या मजल्यावर आहे, समोर मोठ्या खिडक्या, खिडक्यांत बंदर, दुपारचा हाय टी. एका बाजूला केक, पेस्ट्री, सँडविच, स्कोन वगैरे इंग्रजी थाट आणि दुसऱ्या बाजूला भेळ, शेवपुरी असलं आपलं चटपटीत, आणि खरं सांगते ती भेळ फार नीट होती, चुरमुरे मऊ पडलेले नाहीत, चिंचेची चटणी गोडाकडे झुकलेली नाही. आम्ही बडोद्याच्या महालक्ष्मीची सेव उसळ खाऊन वाढलेली माणसं, तिखटाच्या बाबतीत सहज कुणाला पास करत नाही, पण आईने दुसऱ्यांदा घेतली म्हणजे बघा. ती अंडं खात नाही, तर वाढणाऱ्या मुलाने कशात अंडं आहे नि कशात नाही ते एकेका पदार्थाजवळ नेऊन दाखवलं, तिच्यासाठी वेगळं काही करून आणू का तेही विचारलं, आणि हे सगळं तिला अवघडल्यासारखं वाटणार नाही अशा बेताने. मुंबईत मुलगा मुलगी दाखवायचे कार्यक्रम पूर्वीपासून याच लाउंजमध्ये व्हायचे, अजूनही होतात, आमच्या शेजारच्या टेबलावर बहुधा तेच चाललं होतं, दोन्हीकडचे आईवडील फार जपून हसत होते. आम्ही तीनपासून पार दिवे लागेपर्यंत बसलो आणि कुणी बिल आणून समोर ठेवलं नाही. मला तर वाटतं राहणं जमत नसेल तर नुसतं इथे दुपारी या, खिडकीचं टेबल आधी फोन करून सांगा, निम्मं ताज बघितल्यासारखंच आहे. कपडे मात्र नीटनेटके हवेत.

हाय टी केलात तर रात्री पोटात जागा राहत नाही, म्हणून त्याच दिवशी मोठं डिनर ठेवू नका. आम्ही रात्री गोल्डन ड्रॅगनला थोडंसं खाल्लं, नूडल्स नि एक भाजी, चव उत्तम. आपण ज्याला शेझवान म्हणतो ते जेवण भारतात आणण्याचा मान याच हॉटेलला देतात. यजमान आणि त्यांचा मुंबईचा मित्र हार्बर बारमध्ये डोकावून आले, १९३३ चा आहे, मुंबईतलं पहिलं बार लायसन्स त्याचं. गुजरातमधून आलेल्या पाहुण्यांना तिथे जायचं कसं सुचतं ते मी लिहायला नको.

एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तिथे २६/११ चं स्मारक आहे, ताजमध्ये गेलेल्या ३१ जणांची नावं आहेत, त्यात पाहुणे आहेत तसे हॉटेलचे कर्मचारीही आहेत, ज्यांना मागच्या दारांनी निसटता आलं असतं आणि जे पाहुण्यांना बाहेर काढत थांबले. २००८ च्या त्या रात्री आम्ही बडोद्यात टीव्हीसमोर बसून तो जळता घुमट बघितला होता. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पूर्ण सुरू झाली. लेकाला हे सगळं माहीत नव्हतं, त्याच्या जन्माआधीचं, त्याला तिथे उभं करून सांगितलं आणि त्याने सगळी नावं वाचली. मुलांना घेऊन जात असाल तर हे नक्की दाखवा, फोटो काढू नका, फक्त वाचा.

बाकी कामाच्या गोष्टी. सकाळची वंदे भारत बडोद्याहून पकडलीत तर दुपारच्या आत मुंबई सेंट्रलला उतरता, खोली दोनला मिळते, तोवर सामान त्यांच्याकडे ठेवून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघून घ्या, जवळच आहे, हा एकच बाहेरचा फेरा मला मान्य आहे. एलिफंटाच्या बोटी समोरूनच सुटतात पण सोमवारी लेणी बंद असतात. शनिवार-रविवारी गेटवेला प्रचंड गर्दी आणि तपासणीची रांग, म्हाताऱ्या माणसांना घेऊन आठवड्याच्या मधल्या वारी जा. पावसाळ्यात भाडं उतरतं आणि समुद्र खवळलेला बघायला मिळतो, पण बोटींचा भरवसा नसतो आणि पहाटेचा सूर्य नशिबावर, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी डिसेंबर-जानेवारीच बरा. बुकिंग करताना 'पॅलेस' आणि 'सी व्ह्यू' हे दोन्ही शब्द कन्फर्मेशनमध्ये आहेत का ते बघा, नाश्ता धरलाय का ते विचारा, आणि मेनूवरच्या भावावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो तो आधीच हिशेबात धरा.